आधी कुणी उघडलंय?

राजमणी अक्कांच्या टेबलावर कुणी बंद पडलेला टीव्ही गेम ठेवला, की त्या मशीनकडं बघायच्या नाहीत, माणसाकडं बघायच्या.

"ह्याला आधी कुणी उघडलंय?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. काय बिघडलंय, कधीपासून बिघडलंय, हे नंतर. समोरचा म्हणायचा, "नाही, कुणीच नाही." मग अक्का मशीन उलटं करायच्या, स्क्रूच्या डोक्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायच्या आणि शांतपणे पुन्हा विचारायच्या, "कुणीच न्हाय?" दुसऱ्या वेळेला बहुतेक माणसं खरं बोलायची. कुणाच्या मेहुण्यानं उघडलेलं असायचं, कुणाच्या इंजिनिअरिंगच्या पुतण्यानं. खरं कळल्याशिवाय अक्का हात लावत नसत. "आधीचा माणूस काय करून ठेवलाय ते म्हाईत पायजे. नायतर मी बिघाड हुडकत बसते आणि त्यो भलतीकडंच असतो," असं त्यांचं म्हणणं.

कन्ना चौकाजवळच्या एका बोळात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. शेजारचा गाळा अक्कांचा. अकरा वर्षं आमची भिंत एक होती. टायपिंग करतो म्हणून बोळात सगळे मला माने सर म्हणतात, अक्काही तसंच म्हणायच्या. वयानं त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, साठीच्या आसपासच्या. ठसठशीत कुंकू, जाड चष्मा आणि त्या चष्म्याच्या उजव्या काचेवर दोऱ्यानं बांधलेलं घड्याळजीचं भिंग. कामाला बसताना बांगड्या काढून जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवायच्या. सोन्याच्या होत्या म्हणून नव्हे, काचेच्याच होत्या. त्यांचा आवाज मध्ये येतो म्हणायच्या.

त्यांच्या घरी तेलुगू बोलत. सासरी यंत्रमाग, माहेरी विड्या. लहानपणी आईबरोबर विड्या वळून बोटं इतकी तयार झालेली, की एमआयडीसीत टीव्ही जोडायचा एक कारखाना निघाला तेव्हा तिथल्या साहेबानं विड्या वळणाऱ्या घरांतल्या मुली मुद्दाम घेतल्या. अक्का त्यांतल्या एक. सात-आठ वर्षांत कारखाना बुडाला. बाकीच्या मुली पुन्हा विड्यांकडं गेल्या. अक्का एक सोल्डरिंग आयर्न घेऊन घरी आल्या आणि आधी घरच्या ओट्यावर, मग या गाळ्यात बसल्या. शहरातले मेकॅनिक टीव्ही घ्यायचे, टेप घ्यायचे, पण पोरांचा टीव्ही गेम आणला की हसायचे. ते काम अक्कांकडं आलं आणि त्यांच्याकडंच राहिलं. पुढं टीव्ही बदलले, टेप गेले, मोबाइल आले. ज्यांनी लहानपणी ते गेम खेळले, ती माणसं चाळिशीला आली आणि माळ्यावरची खोकी उतरवून अक्कांचा पत्ता शोधायला लागली. कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढून टाकला. तेव्हापासून पुण्याहून, हैदराबादहून कुरिअरनं खोकी यायला लागली.

अक्का स्वतः कधी एकही गेम खेळल्या नाहीत. दुरुस्त झालेलं मशीन तपासताना कॅसेट घालायच्या, रिमोटची बटणं डावीकडून उजवीकडं एकेक करून दाबायच्या. पडद्यावरचा माणूस अर्थातच पहिल्याच खड्ड्यात पडून मरायचा. गिऱ्हाईक हळहळायचं.

"मेला ना?" अक्का म्हणायच्या. "मग चालू हाय. घेऊन जावा."

त्यांचं निम्मं काम नाकावर चालायचं. मशीनचं झाकण काढलं की पहिल्यांदा वास घ्यायच्या. जुने कंडेन्सर फुटून आतलं पाणी बोर्डावर सांडलं की एक वास येतो, शिळ्या मासळीसारखा. मला कधी आला नाही. एकदा जवळच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन आले. मुलांनी मीटर आणले होते, वह्या आणल्या होत्या. अक्कांनी एक बोर्ड ओळीनं सगळ्यांच्या नाकाखाली फिरवला. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. एका मुलीनं मात्र बोर्डाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं." अक्कांनी तिला खुर्ची दिली. बाकीचे तासभर उभेच राहिले.

दुपारी एकला त्यांचे यजमान नरसय्या डबा घेऊन यायचे. टॉवेलच्या कारखान्यात चाळीस वर्षं माग चालवून त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. दोघं समोरासमोर बसून जेवायचे. बोलणं नसायचं. अक्का हातानं काही खूण करायच्या आणि नरसय्या मान हलवायचे किंवा हसायचे. माझ्या दुकानात मशीनचा खडखडाट आणि पलीकडं ही शांतता, अशी ती दुपार असायची.

अक्का गोड बोलणाऱ्या नव्हत्या. पुण्याच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांना जुनी मशीनं जमवायचा नाद. एक परदेशी मशीन घेऊन स्वतः गाडीनं आले. चेहऱ्यावरून सज्जन. अक्कांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "अजिबात नाही. कंपनीतून आलं तसं आहे." अक्कांनी स्क्रू बघितले, झाकण उघडलं, आत बोर्डावर चकचकीत नवं सोल्डर दिसलं. त्यांनी झाकण परत लावलं आणि मशीन त्यांच्याकडं सरकवलं.

"दवाखान्यात जाऊन डॉक्टरशी खोटं बोलताव का तुमी?"

"नाही, म्हणजे मीच थोडं..."

"थोडं काय ते कागदावर लिवून आणा. मग बघते."

ते गृहस्थ माझ्या दुकानात येऊन बसले. मी कागद दिला. त्यांनी परीक्षेला बसल्यासारखं पानभर लिहून काढलं. अक्कांनी ते मला वाचायला लावलं, मग मशीन ठेवून घेतलं. त्या गृहस्थांनी मेमरीची चिप उपटताना बोर्डावरची तांब्याची एक रेघ उचलून काढली होती. केसाएवढी रेघ. अक्कांनी तिथं बारीक तार जोडली, वर चिप काढता-घालता येईल असा बेस बसवला आणि पंधरा दिवसांनी मशीन परत केलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे दत्ताचं मशीन.

उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातून कौसल्याबाई नावाच्या बाई दोन एसट्या बदलून आल्या. एप्रिलचा शेवट होता. काखेत पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं मशीन. टेबलावर ठेवलं आणि अक्कांनी विचारलं, "ह्याला आधी कुणी उघडलंय?"

"तुमीच की अक्का," बाई म्हणाल्या. "सा वर्सं झाली आसतील. तवा चालू करून दिलं हुतं तुमी."

अक्कांनी मशीन उलटं करून बघितलं आणि मान हलवली. त्यांना आठवलं.

कौसल्याबाईंचा मुलगा दत्ता, वय छत्तीस. अंगानं दांडगा, पण समज चार-पाच वर्षांच्या पोराची. बोलणं नाही. त्याचा मामा आखातात कामाला होता तेव्हा त्यानं हे मशीन आणलेलं. त्यात मोटारींच्या शर्यतीची एकच कॅसेट. सकाळी दूध पिऊन झालं की दत्ता त्याच्यासमोर बसायचा, दुपारी जेवून पुन्हा बसायचा. पंचवीस वर्षं हाच क्रम. आता मशीन वीस मिनिटं चालायचं, मग पडद्यावर रंगीत पट्टे यायचे आणि गाडी जागच्या जागी थांबायची. दत्ता रिमोट आपटायचा, मग स्वतःचा हात चावायचा.

"तीन दिस झालं, भाकरी घेईना," बाई म्हणाल्या. "नवा गेम आणून दिला बाजारातनं. त्यो फेकून दिला त्यानं."

अक्का म्हणाल्या, "आठ दिवसांनी या."

आठ दिवसांत काही झालं नाही. वीज बरोबर पाच व्होल्ट येत होती. मोठे कंडेन्सर बदलून झाले. कॅसेटच्या खाचेतल्या पिना खोडरबरानं आणि स्पिरिटनं पुसून झाल्या. बेसमधली मेमरीची चिप काढून दुसरी लावून झाली. मशीन चालायचं आणि वीस मिनिटांनी थांबायचं. कधी दहाच मिनिटांनी.

एका दुपारी अक्का तो उघडा बोर्ड, वायरी आणि छोटा टीव्ही घेऊन माझ्या दुकानात आल्या. झेरॉक्स मशीनसाठी मी कूलर लावलेला असतो. त्यांनी टीव्ही माझ्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि मशीन चालू करून स्टुलावर बसल्या. तासभर झाला. गाडी सुरू होती.

"माने सर, तुमच्या हितं चालतंय. माझ्या हितं चालंना."

"म्हणजे उष्णतेचं आहे."

"व्हय. तापलं की कुटंतरी सांधा सुटतोय."

बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश होते. उन्हाळ्यानं अर्धं काम करून दिलं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी अक्कांनी माझ्याकडून जाड पुठ्ठा मागून घेतला, त्याला रुपयाएवढं भोक पाडलं आणि त्या भोकातून केस वाळवायच्या यंत्रानं बोर्डाच्या एकेका भागाला गरम वारा द्यायला लागल्या. बाकी बोर्ड थंड, एवढाच तुकडा गरम. असं करत दोन दिवसांत त्या बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यापाशी आल्या. तिथं वारा दिला की मिनिटात पट्टे यायचे. त्या कोपऱ्यात दोन गोष्टी होत्या. एक चित्र काढणारी मोठी चिप, दुसरा मेमरीच्या चिपेचा बेस.

अक्का म्हणाल्या, मोठी चिप गेली. ती कुठं मिळत नाही. पुण्याच्या त्या गृहस्थांकडं एका मेलेल्या मशीनमध्ये होती. त्यांनी ती कुरिअरनं पाठवली. ती यायला पाच दिवस गेले. तेवढ्यात कौसल्याबाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळेला दत्ताला घेऊन आल्या, कारण घरी तो कुणाला आवरत नव्हता. गालफडं बसली होती. उजव्या मनगटावर फडकं बांधलेलं. अक्कांनी त्याच्या हातात त्याचाच रिमोट दिला. तो कशालाही जोडलेला नव्हता. दत्ता तो धरून तासभर बंद टीव्हीकडं बघत बसला. आई त्याच्या तोंडाशी केळं नेत होती आणि तो मान फिरवत होता. अक्का त्या तासभरात एकदाही सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ शकल्या नाहीत. मी त्यांना तसं रिकाम्या हातानं बसलेलं आधी कधी बघितलं नव्हतं.

मोठी चिप बदलली. मशीन चालू केलं. अकराव्या मिनिटाला पट्टे आले.

मला या कामातलं काही कळत नाही. पण तीन आठवडे भिंतीपलीकडून सगळं ऐकत होतो. मी सहज विचारलं, "त्या कोपऱ्यात दोनच गोष्टी होत्या ना? मग बेसच्या खाली बघितलंत का?"

अक्कांनी वर बघितलं नाही.

"त्यो बेस मीच बसवलाय," त्या म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढला नव्हता. त्यांच्या लेखी विषय संपला होता. मी माझ्या दुकानात आलो. थोड्या वेळानं पलीकडून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग पंख्याचं बटण बंद झालं. बारीक काम करताना अक्का पंखा बंद करायच्या. मी दारात जाऊन उभा राहिलो. त्या बेसच्या पायांवरचं सोल्डर वितळवून पंपानं ओढून घेत होत्या. एकेक पाय. घाम कपाळावरून चष्म्यावर येत होता. बेस सुटला. खाली एक बारीक तार होती, हिरव्या वेष्टनाची. मला ती तार ओळखू आली. पुण्याच्या मशीनच्या वेळी रीळ माझ्या टेबलावर राहिलं होतं.

अक्कांनी सुईच्या टोकानं तारेला स्पर्श केला. तार हलली. वरून सांधा चकचकीत दिसत होता, पण आत धरलेलाच नव्हता.

त्यांनी सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "कारखान्यात पैल्या दिवशी शिकवलं हुतं. तारेला नीट ऊब द्यायची, मग सोल्डर लावायचं. घाई केली आसंल मी."

"सहा वर्षं टिकला की सांधा."

"टिकला न्हाय. अडकून बसला हुता."

नवा सांधा घालायला त्यांना पाच मिनिटं लागली. त्यानंतर त्यांनी मशीन स्वतःच्या गाळ्यात, पंखा बंद ठेवून, दुपारी बारापासून सहापर्यंत चालवलं. वरून केस वाळवायच्या यंत्राचा वारा. पट्टे आले नाहीत. नरसय्या डबा घेऊन आले तेव्हा अक्कांनी खूण करून त्यांना रिमोट धरायला लावला. ते एका हातानं भाकरी खात, दुसऱ्या हातानं गाडी भिंतीवर आपटत बसले.

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई आल्या. दत्ता बरोबर होता. मशीन लावलेलंच होतं. तो सरळ जाऊन खाली बसला, रिमोट घेतला आणि गाडी सुरू केली. पंचवीस वर्षांचा सराव. त्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी कुठंही न आपटता अशी काही जायला लागली, की बोळातली दोन-चार माणसं दारात थांबली. अक्काही भिंग वर करून बघत होत्या. मला वाटतं, गेम नीट खेळला तर कसा दिसतो हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

कौसल्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "लई उपकार झालं अक्का."

"उपकार न्हाईत," अक्का म्हणाल्या. "चूक माझी हुती. मागच्या वेळंला मी जोडलेलंच सुटलं हुतं. आणि ते सोडून मी बाकी सगळं बघत बसले. तीन आठवडे पोरगं उपाशी राहिलं ते माझ्यामुळं."

बाईंना हे काही समजलं नसावं, किंवा समजूनही त्यांना त्याचं काही वाटलं नसावं. त्या म्हणाल्या, "आसू द्या की. मान्साच्या हातनं हुतं." आणि पिशवीतून केळं काढून त्यांनी दत्ताच्या हाताशी ठेवलं. त्यानं पडद्यावरची नजर न काढता ते खाल्लं. मग दुसरं खाल्लं.

माणसाच्या हातून होतं, हे अक्कांनी काही मान्य केलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या माझ्याकडं जुनी पावतीपुस्तकं घेऊन आल्या. त्यातली अक्षरं त्यांना आता नीट दिसत नव्हती. कुणाकुणाच्या मशीनमध्ये अशी तार घातली होती ते त्यांच्या डोक्यात होतं, मला फक्त फोन नंबर शोधून द्यायचे होते. सात माणसं निघाली. अक्कांनी सातही जणांना फोन केले.

"मशीन घेऊन या. बिघडलं न्हाय म्हाईत हाय. तरी आणा."

कुणाला वाटलं ही काहीतरी फसवणूक आहे. एकानं फोन ठेवून दिला. त्याला त्यांनी पुन्हा लावला. पुण्याचे ते गृहस्थ म्हणाले, "अक्का, माझं उत्तम चाललंय, कशाला उघडायचं?" तेव्हा अक्का म्हणाल्या, "तुमी लिवून दिलं हुतं, आता माझं ऐका. ते मी घाईत केलेलं आसू शकतंय." ते मशीन आलं. नातेपुत्याचं एक आलं, शहरातली तीन आली. अक्कांनी पाचही बेस काढले. पाचांतले चार सांधे पक्के होते, पुण्याचाही पक्काच होता. एक तेवढा हलत होता. चारही पक्के सांधे त्यांनी पुसून पुन्हा घातले.

राहिलेल्या दोघांपैकी एकानं मशीन भंगारात दिलं होतं. दुसऱ्याचा नंबर आता भलत्याच कुणाकडं होता, तो माणूस सापडला नाही. त्याचा उल्लेख त्या पुढं वर्षभर अधूनमधून करत. "त्यो अक्कलकोट रोडचा, उंच, चष्मेवाला. दिसला तर सांगा." मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. तरी हो म्हणायचो.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली, दिसायला लागलं, पण डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. मला वाटलं होतं अक्का ऐकणार नाहीत. त्यांनी लगेच ऐकलं. "नीट दिसत न्हाय तर कशाला दुसऱ्याचं मशीन उघडायचं," म्हणाल्या. पंधरा दिवसांत आलेली खोकी परत पाठवली. हत्यारं त्यांनी कॉलेजातल्या त्या मुलीला बोलावून देऊन टाकली. ती आता पुण्यात कुठं नोकरीला आहे, तिथून खास आली होती. मोठा टीव्ही विकला. छोटा तेवढा घरी न्यायचा ठरला.

गाळा सोडायच्या दिवशी सकाळी नरसय्यांनी मोपेड बोळाच्या तोंडाशी लावली. अक्का मागं एका अंगाला बसल्या आणि टीव्ही मांडीवर घेतला. जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही. दोन्ही हात त्याच्याभोवती घालून हनुवटी वर टेकवली. मी चौकापर्यंत चालत गेलो. सिग्नल लाल होता. रिक्षावाले त्या टीव्हीकडं बघत होते.

अक्कांनी मान वळवून मला शोधलं. हात मोकळे नव्हते. म्हणाल्या, "माने सर, तुमच्या त्या मोठ्या मशीनचा पंखा घाण आवाज करलालाय. बघून घ्या."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

सिग्नल सुटला. नरसय्यांना मागचे हॉर्न ऐकू आले नसावेत. अक्कांनी गुडघ्यानं त्यांना ढोसलं, तेव्हा मोपेड हलली आणि अशोक चौकाच्या बाजूला वळली.

मी दुकानात आलो, झेरॉक्स मशीन चालू केलं आणि कान लावून उभा राहिलो. मला काहीच ऐकू आलं नाही. तरी मेकॅनिकला फोन केला.